कोकणातल्या लहान धरणाचा पूर कसा काढायचा: पाणलोटापासून सांडव्यापर्यंत

लघु पाटबंधाऱ्यात नव्याने आलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "साहेब, इथे जास्तीत जास्त पाऊस किती धरायचा?" मी त्याला उलट विचारतो, "कुठे पडलेला? आणि किती वेळात?" त्याला वाटतं मी टाळतोय. पण कोकणात धरणाचा पूर काढताना पुढची सगळी कामं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या मापकात ७३ मिमी. शहर एकच, अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशीचा मुंबईचा पाऊस म्हणून यातला कुठला आकडा लिहायचा, ते तुम्हीच ठरवा.

खाली मी एक काल्पनिक धरण घेतलं आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, एका अरुंद खोऱ्यातलं मातीचं धरण. पाणलोट ८ चौरस किमी, सर्वांत लांब पऱ्या (ओढा) ४ किमी, वरपासून खालपर्यंत तो ५०० मीटर उतरतो. साठा २ दलघमी (दशलक्ष घनमीटर), धरणावर उभी राहणारी पाण्याची उंची १८ मीटर, भरलेल्या तलावाचं पसरलेलं पाणी २५ हेक्टर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरलात तर या मापाची धरणं बरीच भेटतील. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आधी पाणलोट चालून या

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर रेघ मारता येते, इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं उंचीचं मॉडेल उतरवून क्यूजीआयएसमध्ये पाणलोट आपोआप काढता येतो. दोन्ही करा. पण देशावरची सवय इथे फसवते. घाटाच्या बाजूला डोंगराची धार स्पष्ट असते, खाली कातळाच्या सड्यावर ती दिसतच नाही. सडा सपाट, पाणी कुठल्या पऱ्यात उतरतं ते एखादा जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) किंवा रस्त्याचं गटार ठरवतं. कलमांसाठी सडा फोडला, नवा रस्ता काढला, की शेजारच्या व्हाळाचं पाणी गुपचूप तुमच्या धरणात येऊ लागतं. तीस मीटरच्या चौकटीच्या मॉडेलला दोन फुटी गडगा दिसत नाही. म्हणून जूनमध्ये, मिरगाचा पाऊस लागला की सड्यावर जा आणि पाणी कुठे वाहतं ते डोळ्यांनी बघा. सोबत गावातला गुराखी असेल तर निम्मं काम तोच करून देईल.

पावसाचे आकडे: मागवायचे आणि उलटतपासणी घ्यायची

आकडे मिळण्याची ठिकाणं तीन. हवामान खात्याचं पुण्याचं कार्यालय, जलसंपदा विभागाचा नाशिकचा जलविज्ञान प्रकल्प, आणि अलीकडच्या वर्षांसाठी महसूल मंडळांतली महावेधची स्वयंचलित केंद्रं. जुनी मालिका पहिल्या दोघांकडे. तासातासाचा पाऊस मात्र बहुतेक करून तिसऱ्याकडेच सापडेल, आणि तो आपल्याला लागणार आहे.

आकडे हातात आले की लगेच गणिताला बसू नका. आधी पुढच्या गोष्टी तपासा.

मापक आहे कुठे? तालुक्याचं ठिकाण खाडीकाठी, धरण घाटाखाली. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि तिथे रिती होते. किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिमी पडतो आणि आंबोलीला सात हजारांच्या आसपास. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाड बुडालं, त्या चोवीस तासांत महाबळेश्वरच्या मापकात ५९४ मिमी होता. सावित्रीचा उगम त्याच डोंगरावर. तेव्हा तहसील कचेरीच्या अंगणातला आकडा धरणाच्या पाणलोटाला जसाच्या तसा लावणं म्हणजे बाजारपेठेत उभं राहून घाटमाथ्यावर छत्री लागेल का ते ठरवणं.

बाटली केवढी? हे कुणी विचारत नाही. साध्या पर्जन्यमापकाच्या नसराळ्याचं तोंड २०० चौ.सेंमी. आणि आतली बाटली ४ लिटरची असेल, तर २०० मिमीला ती भरते. पुढचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं. ते कुणी मोजलं तर मोजलं. एखाद्या केंद्रावर वर्षानुवर्षं सर्वांत मोठा पाऊस बरोबर १९८, २००, २०१ असा दिसला, तर तो आभाळातला आकडा नाही, बाटलीचा आहे.

दिवस कुठला? आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. पाऊस हे घड्याळ पाळत नाही. मध्यरात्री सुरू होऊन दुसऱ्या मध्यरात्री थांबलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो आणि दोन्ही आकडे मवाळ दिसतात. म्हणून एकदिवसीय पावसावरून कोणत्याही सलग २४ तासांचा पाऊस काढताना साधारण १.१५ ने गुणतात.

आणि शून्य खरंच शून्य आहे का? माझा पहिला अंदाज इथेच चुकला. तीस वर्षांची मालिका होती. एका जुलैत सलग दोन दिवस ०.० लिहिलेलं. मी ते पुढे तसंच उतरवलं, कोरडे दिवस म्हणून. आमच्या जुन्या सर्व्हेअरने वही बघितली आणि म्हणाला, "साहेब, त्या दोन दिवसांत शेजारच्या दोन्ही केंद्रांवर अडीचशे-तीनशे पडलाय. इथला माणूस पऱ्या ओलांडून मापकापर्यंत पोचलाच नसेल." तसंच निघालं. सर्वांत मोठा पाऊस ज्या दिवशी पडतो, नेमका त्याच दिवशी तो मोजायला कुणी पोचत नाही. ही कोकणातल्या नोंदींची जुनी खोड आहे. शेजारची दोन केंद्रं समोर ठेवल्याशिवाय कुठलीही मालिका वापरू नका.

शंभर वर्षांत एकदा येणारा पाऊस

प्रत्येक वर्षातला सर्वांत मोठा एकदिवसीय पाऊस घ्या. तीस वर्षांचे तीस आकडे. त्यांची सरासरी समजा २०० मिमी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) ६० मिमी. गुम्बेलची पद्धत सोपी आहे: सरासरीत प्रमाण विचलनाचा एक पट मिळवायचा. तो पट तक्त्यात मिळतो; शंभर वर्षांसाठी, तीस आकड्यांच्या मालिकेला तो ३.६५ आहे. पन्नास आकडे असतील तर ३.४९.

२०० + ३.६५ × ६० = ४१९ मिमी. १.१५ ने गुणलं की २४ तासांचे ४८२ मिमी.

आता त्या चुकलेल्या शून्याची किंमत बघा. तीसपैकी एका वर्षाचा आकडा २०० न राहता खरा ५०० असता, तर सरासरी २१० होते, विचलन ८१ वर जातं आणि शंभर वर्षांचा पाऊस ४१९ वरून ५०६ च्या घरात पोचतो. एका दिवसाची एक नोंद, आणि सत्त्याऐंशी मिमीचा फरक. म्हणून मी वरच्या पायरीवर एवढा रेंगाळलो.

"शंभर वर्षांत एकदा" हे शब्दही नीट समजून घ्या, कारण ग्रामसभेत तुम्हालाच ते सांगावे लागतात. गेल्या वर्षी आला म्हणजे आता नव्याण्णव वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी शंभरात एक, एवढंच. पन्नास वर्षं वापरायच्या धरणात तो निदान एकदा येण्याची शक्यता ३९.५ टक्के निघते (१ वजा ०.९९ चा पन्नासावा घात). हजार वर्षांचा पूर घेतला तरी शंभर वर्षांत तो गाठण्याची शक्यता साडेनऊ टक्के.

पण शंभर वर्षांचा पूर चालतो का?

नवे लोक इथेच थांबतात. सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेची, क्षमता ठरवण्यासाठी आयएस ११२२३ हे १९८५ चं मानक आहे. त्यात धरणाचे तीन वर्ग. साठा ०.५ ते १० दलघमी किंवा पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर लहान: शंभर वर्षांचा पूर. साठा १० ते ६० दलघमी किंवा उंची १२ ते ३० मीटर तर मध्यम: प्रमाण प्रकल्प पूर. त्याहून मोठं तर संभाव्य महत्तम पूर. हे दोन पूर म्हणजे काय ते पुढे येतं. साठा एक वर्ग सांगतो आणि उंची दुसरा, तेव्हा वरचा वर्ग धरायचा.

आपलं उदाहरण बघा. साठा २ दलघमी, म्हणजे लहान. उंची १८ मीटर, म्हणजे मध्यम. कोकणात हे वारंवार होतं, कारण खोरी अरुंद आणि खोल. मूठभर पाण्यासाठी उंच बांध घालावा लागतो. "एवढंसं तर तळं आहे" म्हणत शंभर वर्षांवर भागवलेली जुनी टिपणं मी पाहिली आहेत. शिवाय बांधाखाली लगेच वाडी असेल तर वर्गापेक्षा मोठा पूर धरायला मानक स्वतःच वाव देतं, आणि कोकणात बांधाखाली वाडी नसेल असं धरण शोधावं लागेल.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ ची व्याख्या वेगळी आहे, गल्लत करू नका. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्यात येतं. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटींवर, उदाहरणार्थ बांधाची लांबी ५०० मीटर किंवा साठा १ दलघमी असेल तर. त्यात आलं की पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा हे सगळं बंधनकारक.

प्रमाण वादळ आणि संभाव्य महत्तम पर्जन्य

प्रमाण प्रकल्प पुरासाठी त्याच हवामानाच्या पट्ट्यात आजवर नोंदलेलं मोठं वादळ उचलून आपल्या पाणलोटावर बसवतात. संभाव्य महत्तम पर्जन्यात त्याच वादळात हवेतली बाष्पाची मात्रा शक्य तेवढी वाढवून आणखी फुगवतात. वादळ उचलून ठेवायला सपाट मुलूख बरा. किनाऱ्यावरचं वादळ घाटाखाली आणलं तर डोंगराने वाढवलेला हिस्सा वेगळा काढून पुन्हा घालावा लागतो, आणि ते काम नवख्याचं नाही. केंद्रीय जल आयोगाचे पर्जन्य नकाशे आहेत, ते वापरा. आकडा नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेकडून तपासून घ्या.

पण तपासून आलेला आकडा खरा वाटतो का, हे तुम्हाला स्वतः सांगता आलं पाहिजे. त्यासाठी दोन ताळे. पहिला हर्शफिल्डचा: सरासरी अधिक १५ पट विचलन. आपल्या आकड्यांवर २०० + १५ × ६० = ११०० मिमी. हा १५ चा पट ओबडधोबड आहे, जास्त पावसाच्या ठिकाणी तो कमी निघतो. दुसरा ताळा प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचा. सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तोही समुद्रकाठी, डोंगराचा आधार नसताना. याच पट्ट्याच्या उत्तर टोकाला, गुजरातेतल्या धरमपूरला जुलै १९४१ मध्ये एका दिवसात ९८७ मिमी. घाटाखालच्या धरणासाठी कुणी तुम्हाला "महत्तम पर्जन्य ६०० मिमी" असं टिपण दिलं, तर सही करण्याआधी हे दोन आकडे समोर ठेवून विचारा.

आता तास: इथेच पूर ठरतो

डोंगरावर पडलेला थेंब धरणाला पोचायला किती वेळ लागतो? किरपिचच्या सूत्राने (मिनिटं = ०.०१९५ × लांबी मीटरमध्ये, तिचा ०.७७ घात ÷ उताराचा ०.३८५ घात) आपल्या ४ किमीच्या, दर मीटरला १२.५ सेंटिमीटर उतरणाऱ्या पऱ्यासाठी उत्तर येतं २६ मिनिटं. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत सगळा पाणलोट धरणात आलेला असतो. अशा ठिकाणी चोवीस तासांच्या आकड्याला चोवीसने भागणं ही सर्वांत महागडी चूक.

करून बघा. ४८२ भागिले २४, म्हणजे तासाला २० मिमी. विसर्ग = ०.२७८ × गुणांक × तीव्रता × क्षेत्रफळ. गुणांक ०.८ धरा, कारण जुलैच्या अखेरीस माती तुडुंब असते आणि कातळावर तर मुरायला जागाच नाही. ०.२७८ × ०.८ × २० × ८ = ३६ क्युमेक, म्हणजे सेकंदाला ३६ घनमीटर.

आता खरा पाऊस कसा पडतो ते बघा. २६ जुलैला सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिमी पडला होता, म्हणजे दिवसाच्या पावसाचा पाचवा हिस्सा. तेच प्रमाण लावलं तर ४८२ पैकी ९६ मिमी एका तासात. सोयीसाठी १०० घेऊ. विसर्ग १७८ क्युमेक. पाऊस तोच, पाणलोट तोच, पूर पाचपट. अर्ध्या तासाची तीव्रता याहूनही जास्त असणार, म्हणजे १७८ सुद्धा हात राखूनच आहे.

आणि प्रमाण वादळ म्हणून सांताक्रूझचा तोच तास इथे आणून ठेवला, डोंगराची वाढ न धरता? गुणांक ०.८५ घेऊन ०.२७८ × ०.८५ × १९० × ८ = ३५९ क्युमेक.

पाणलोट २५ चौ.किमी.च्या वर गेला की हे साधं सूत्र सोडा. केंद्रीय जल आयोगाचा १९९२ चा कोकण-मलबार किनाऱ्याचा, उपविभाग ५अ व ५ब चा पूर अंदाज अहवाल घ्या. त्यात एकक जलालेख (ठरावीक पावसाने पूर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) बांधण्याची रीत आणि पावसाची तासवार वाटणी दिली आहे.

सांडवा पुरतो का

सांडव्याचं गणित: विसर्ग = १.७ × लांबी × पाण्याच्या थराचा दीड घात (सपाट, रुंद माथ्याच्या सांडव्यासाठी, ओजी, म्हणजे गोलसर वळणाच्या, आकाराला गुणांक २.२ पर्यंत जातो). १७८ क्युमेक दीड मीटर थराने सोडायचे तर ५७ मीटर लांबी लागते. समजा धरणाला नेमकं तेवढं आहे, आणि पूर पातळीच्या वर बांधाचा माथा दीड मीटर.

आता ३५९ क्युमेक येऊ द्या. थर २.४ मीटर होतो, म्हणजे ९० सेंटिमीटर जास्त. माथ्याखाली उरले ६० सेंटिमीटर. त्यातून लाटांची उसळी वजा करा, वीस-पंचवीस वर्षांत बांध खचला असेल तेवढं वजा करा. माथ्यावर दुर्बिणीने लेव्हल घ्या. मधोमध तो फूटभर खाली गेलेला सापडतो. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते धरण राहत नाही.

"पण तलाव काही पूर पोटात घेतोच ना?" मोठा घेतो. आपला २५ हेक्टरचा. दीड मीटर चढला तर ०.३७५ दलघमी. १७८ क्युमेकने एका तासात येणारं पाणी ०.६४ दलघमी. दिलासा थोडाच आहे, आणि २० जुलैनंतर धरण काठोकाठ भरलेलंच धरून चालायचं. पुनर्वसूच्या पावसाला आपण तरणा म्हणतो आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. २००५ चा २६ जुलै आणि २०२१ चा २२ जुलै, दोन्ही या म्हाताऱ्याचेच दिवस.

कागदावरचे ५७ मीटर जागेवर आहेत का तेही टेपने मोजा. सांडव्यात ऐन-किंजळाची झाडं वाढलेली असतात, बाजूची दरड आत आलेली असते. उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून कुणीतरी प्रेमाने माथ्यावर दोन थर चिरे रचून ठेवलेले असतात. चाळीस सेंटिमीटर उंचीचे ते चिरे तुमची सगळी आकडेमोड पुसून टाकतात. ते मे महिन्यात काढायला लावा, गोडीगुलाबीने.

फुटलं तर

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली, विसाच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार लोक आधीपासून करत होते. पुराचा अंदाज कितीही अचूक काढला तरी बांधातून झिरपणारं पाणी त्यात दिसत नाही. पायथ्याला येणारं पाणी नितळ आहे की गढूळ, हे दर आठवड्याला बघणं आणि लिहिणं हे वेगळं काम आहे. गढूळ म्हणजे बांधाची माती बाहेर चालली आहे.

फुटल्यावर किती पाणी सुटेल याचा ढोबळ अंदाज फ्रोलिक यांच्या १९९५ च्या सूत्राने निघतो: ०.६०७ × साठ्याचा (घनमीटर) ०.२९५ घात × पाण्याच्या उंचीचा १.२४ घात. आपल्या धरणाला सुमारे १,५८० क्युमेक. उत्तर इकडे-तिकडे दुपटीने हलू शकतं, तरी शंभर वर्षांच्या पुराशी ताडून बघा: नऊपट. म्हणून नेहमीच्या पुराची रेघ दाखवून "तुमचं घर सुरक्षित आहे" असं कुणाला सांगू नका.

आपत्कालीन आराखडा करताना खालच्या वाड्यांची घरं रात्रीची मोजा; दिवसा माणसं शेतावर असतात. पाणी पोचायला किती मिनिटं, आणि वाडीतून सड्यावर चढायला म्हातारीला किती मिनिटं, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. गाव खाडीजवळ असेल तर पंचांगही बघा. २२ जुलै २०२१ ला पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणाच्या भरतीत खाडी नदीचं पाणी घेत नाही, ते मागे साचतं.

पावसाळ्यातली वही

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिमीच्या वर अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. तुमच्या धरणाला हे शब्द पुरणार नाहीत. तासाला किती पडला की माणूस बांधावर पाठवायचा, सांडव्यावर किती थर आला की खाली निरोप द्यायचा, हे दोन आकडे आधी काढून चौकीदाराच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बांधावर एक पर्जन्यमापक लावा, १० लिटरच्या बाटलीचा, १०० चौ.सेंमी. तोंडाचा, तो हजार मिमीपर्यंत भरत नाही.

पूर ओसरला की दुसऱ्या दिवशीच जा. झुडपात अडकलेला पालापाचोळा, भिंतीवरची चिखलाची रेघ दोन दिवसांत धुऊन जाते. रेघेवर ऑइलपेंटने तारीख टाका, सांडव्यावरचा थर मोजा, त्यावरून विसर्ग काढा आणि वर काढलेल्या आकड्यांशी लावून बघा. मी त्यासाठी जून ते सप्टेंबर गाडीच्या डिकीत लाल रंगाचा डबा आणि जुना ब्रश ठेवतो.